भायखळा स्टेशन आपलंही आहे

भायखळा स्टेशनला युनेस्कोचा पुरस्कार मिळाल्याची बातमी 2022च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा आमच्या मित्रांच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला, "भिंत चमकली, पण लोकलमध्ये पाय ठेवायला जागा आहे का?" सगळे हसले, विषय संपला. तो तिथे संपायला नको होता, असं मला वाटतं.

आधी झालेलं काम समजून घेऊ. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. त्याच मार्गावरचं हे स्टेशन. आज दिसणारी दगडी इमारत नंतर बांधली गेली. पुढे तिच्यावर रंगाचे थर चढत गेले, अंगावर नंतरची जोडकामं वाढली. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली ते सगळं उतरवलं गेलं आणि मूळ दगड, लाकूड, लोखंडी नक्षीकाम पुन्हा दिसू लागलं. बाजूने गाड्या धावतच होत्या, मध्ये कोविड आला. एप्रिल 2022मध्ये ते पुन्हा लोकांसमोर आलं. सार्वजनिक जागेवर इतकं चिवट काम आपल्याकडे क्वचित होतं. इमारत जुनी झाली की आपण पाडायचीच भाषा करतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मी वाचलेल्या बातम्यांत कमानी होत्या, खिडक्या होत्या, मोहल्ला नव्हता. या स्टेशनातून रोज बाहेर पडत होती कोण माणसं? 1857नंतर उत्तरेतून येऊन मदनपुऱ्यात वसलेले मोमीन विणकर, त्यांच्याच घरांतले गिरणी कामगार. खिलाफत हाऊस याच भायखळ्यात आहे. आणि कोकणातून आलेली आपली माणसं. माझे नाना बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि इथल्या एका खोलीत नऊ जणांबरोबर राहिले. त्यांना विचारलं असतं तर हे स्टेशन त्यांनी स्वतःचंच म्हणून सांगितलं असतं. आपली पिढी मात्र वारसा म्हटलं की दर्गा, किल्ला, फार तर जुनी मशीद एवढंच मोजते.

आता त्या मेसेजकडे येतो, कारण तो चुकीचा नाही. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली, आमचंही गेलं. कामधंदा शहरातच राहिला. म्हणजे मुंब्रा ते भायखळा हा प्रवास अनेकांनी हौसेने निवडलेला नाही. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दाराला लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. सकाळी त्या दारात उभं राहणाऱ्याला गॉथिक कमानीचं कौतुक सांगायला मलाही जीभ रेटत नाही.

पण म्हणून दगड काळाच राहू द्यायचा होता का? दुरुस्तीला खासगी देणगीदार पुढे आले होते. तो खर्च झाला नसता म्हणून लोकलचा एक डबा वाढला नसता. देणगीतून भिंत दुरुस्त होऊ शकते. गर्दीचा प्रश्न मात्र रेल्वेच्या अंदाजपत्रकाचा आहे आणि तो खासदाराकडे, रेल्वे मंत्रालयाकडे, निवेदनावर सह्या घेऊन न्यावा लागतो. या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या केल्या की दोन्हीतून आपली सुटका होते, आणि मला वाटतं, नेमकं तेच आपल्याला सोयीचं असतं.

एक काम लगेच करता येईल. मदनपुरा, आग्रीपाडा, माझगावमधल्या वयस्कर माणसांकडून या स्टेशनाच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. बायकांकडूनही, कारण जनाना डब्याचा इतिहास पुरुष सांगू शकत नाहीत. त्यातून मराठी आणि उर्दूत मोहल्ल्याची माहिती देणारा एक फलक तयार करून तो स्टेशनात लावण्याची लेखी मागणी रेल्वेकडे करायची. त्याच अर्जात मुंब्र्याच्या वाढीव गाड्यांची मागणीही घालू. माझ्याकडे पाच नावं झाली आहेत, त्यातल्या एक खाला ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे या रविवारीच जायला हवं.