जगाच्या अंगणात : हरणांचा कर, मुलांचा कर

मुलांनो, नवे बूट घेतले की दुकानदार बिल देतो. ते लगेच फेकून देऊ नका हं! खाली नीट बघा, कराचा एक वेगळा आकडा दिसेल. तो पैसा दुकानदाराचा नव्हे, सरकारचा. आज आपण अशाच एका बिलाची गोष्ट बघू या. वस्तू मात्र बूट नाही, बंदूक आहे!

आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो आणि तो सहजासहजी मिळत नाही. अमेरिकेत मात्र बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेतच लिहिलेला आहे. त्यामुळे तिथे बंदुका आणि काडतुसं उघडपणे दुकानात विकली जातात नि त्यांवर करही बसतो.

गोष्ट सुरू होते 1937 साली. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे तिथली हरणं नि रानातले टर्की पक्षी फार कमी झाले होते. तेव्हा ‘पिटमन-रॉबर्टसन’ कायदा झाला. बंदुका नि काडतुसं यांवरचा केंद्र सरकारचा कर वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवायचा, असं ठरलं. आज हा कर लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के, तर पिस्तुलांवर 10 टक्के आहे. कारखानदार तो भरतात आणि पैसा राज्यांना वाटला जातो. गंमत बघा, ज्या बंदुकीनं हरीण मरतं, तिच्याच पैशातून हरणांचं रान राखलं गेलं! पांढऱ्या शेपटीची हरणं पुन्हा वाढली.

आता दुसरा कर. 1 जुलै 2024 पासून कॅलिफोर्निया राज्यानं आपला आणखी 11 टक्के कर लावला. हा दुकानदारानं भरायचा. म्हणजे 500 डॉलरच्या बंदुकीवर 55 डॉलर! तीन महिन्यांत 5000 डॉलरपेक्षा कमी विक्री करणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र सूट आहे. आणि हा पैसा कुणासाठी? शाळांच्या सुरक्षिततेसाठी, हाणामारीच्या वाटेला लागलेल्या तरुणांना परत आणण्यासाठी. पुढे कोलोरॅडो राज्यात लोकांनी मतदान करून 6.5 टक्के कर मंजूर केला. तो एप्रिल 2025 पासून सुरू झाला.

याची गरज का पडली? 2020 साली अमेरिकेत मुलं आणि किशोर यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरलं. मोटार अपघातही मागे पडले. तिथल्या शाळांत कुणी बंदूक घेऊन आलं तर दार लावून कसं गप्प बसायचं, याचा सराव घेतात. कॅलिफोर्नियात मराठी घरांतली मुलंही आहेत. तीही हे शिकतात.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐका. विरोध करणारे म्हणतात, “घटनेनं दिलेल्या हक्कावर कर कसा? ज्यानं कधी कुणाला इजा केली नाही, त्यानं का भरायचा? आणि वाढलेली किंमत गरिबालाच जास्त बोचणार ना?” काही जण तर कोर्टातही गेले. बाजूचे म्हणतात, “विकून नफा होतो, तर होणाऱ्या नुकसानातला वाटाही उचला.”

मला मात्र एक वेगळाच पेच दिसतो. बंदुका खूप विकल्या गेल्या तर मुलांसाठीची पेटी भरणार. बंदुका कमी झाल्या तर पेटी रिकामी राहणार. हरणांच्या बाबतीत प्रश्न नव्हता, कारण हरणं वाढावीत असं शिकाऱ्यालाही वाटत होतं. इथे मात्र पेटी भरलेली बघून आनंद मानायचा की काळजी करायची?

रात्री जेवताना आई-बाबांना विचारा. आणि बरं का, त्यांनी उत्तर देण्याआधी तुमचं उत्तर तयार ठेवा!