'टाइट झाली' म्हणजे नक्की काय झालं?

अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात आयटीत काम करणारा आणि छोटी, पळणारी गाडी बाळगणारा माणूस भेटला, की पाचव्या मिनिटाला बॉनेट उघडतं. आत इंजिनाच्या वरून आडवा गेलेला एक लाल किंवा निळा दांडा असतो. त्याला म्हणायचं स्ट्रट बार. मग एक वाक्य येतं, ते कधीच बदलत नाही: "बार टाकल्यापासून गाडी एकदम टाइट झालीये रे!"

टाइट म्हणजे नक्की काय झालं, असं विचारलं की समोरचा दुखावतो. या वीकांताला दुखवायचंच ठरवलंय, तेव्हा ह.घ्या.

आधी बारची बाजू मांडतो. पोलो, स्विफ्ट, पुंटो, कुठलीही घ्या, या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं असतं. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरची उभी जोडी वरच्या टोकाला थेट बॉडीतल्या पत्र्याच्या एका मनोऱ्याला बोल्ट केलेली असते. वळणावर टायरला आडवा रेटा बसतो, त्यातला काही भाग स्ट्रटमधून या मनोऱ्याच्या डोक्याशी पोचतो आणि दोन मनोऱ्यांमधलं अंतर किंचित बदलतं. त्याबरोबर चाकाचा कॅम्बरही किंचित हलतो. दोन्ही मनोरे दांड्यानं जोडले की ही हालचाल कमी होते. थिअरी बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. पण 'किंचित' म्हणजे किती? हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

साधं गणित करू. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किमीनं घेतलं, तर ११.१ चा वर्ग भागिले ५०, म्हणजे साधारण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे पाव जी. चांगला टायर कोरड्या रस्त्यावर याच्या तिप्पट सहज धरतो. (आणि जेव्हीएलआरवर संध्याकाळी सात वाजता ४० चा वेग मिळाला तर पेढे वाटा.) गाडी जिथे थकतच नाही, तिथे तिला आधार दिलाय. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. डेटाबेसची क्वेरी आठ सेकंद खातेय आणि साहेब फॉर-लूप ऑप्टिमाइझ करतायत. ज्युनिअरनं हे केलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये तुम्हीच त्याला सोलला असता. "आधी प्रोफायलर लाव" हे आठवडाभर दुसऱ्याला ऐकवणारा माणूस शनिवारी गॅरेजात गेला की त्याला प्रोफायलर आठवत नाही, हे मला खरंच कळत नाही.

त्याहून मजेशीर दावा म्हणजे "बॉडी रोल कमी झाला". अहो, कसा होईल? वळणावर गाडी किती कलेल हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. अँटी-रोल बार हा वेगळा भाग आहे, तो खाली असतो, डाव्या-उजव्या चाकांच्या हालचालीला बांधलेला. तुमचा लाल दांडा बॉडीच्या दोन भागांना जोडतो, चाकांना नाही. नावात 'बार' आहे एवढंच साम्य! तरीही "जाणवतं ना!" असं छातीठोक सांगणारे भेटतात. जाणवत असेलही. बार बसवताना स्ट्रटच्या माथ्याचे नट सोडून पुन्हा आवळले जातात, बहुतेक वेळा त्याच दिवशी अलाइनमेंट होतं, हवाही भरली जाते. तीन बदल एकाच कमिटमध्ये टाकायचे आणि श्रेय त्यातल्या सगळ्यात महागाला द्यायचं.

आता खास मुंबईचं समर्थन: "आपल्या खड्ड्यांसाठी टाकलाय, मनोरे वाकू नयेत म्हणून." खड्ड्यातला दणका मुख्यतः खालून वर येतो. बार आडवा आहे. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर फिरणारा दांडा असेल (स्वस्तातले अनेक तसेच असतात), तर तो फक्त ओढ आणि दाब घेतो. वर जाणाऱ्या मनोऱ्याला तो अडवणार कसा? खड्ड्यांवर उपाय म्हणजे टायरला जाड साइडवॉल, धड शॉक अब्सॉर्बर, शाबूत बुश. पण जुने बुश बदलले तर बॉनेट उघडून दाखवायचं काय!

काहीजण हौसेनं खालचा ब्रेसही लावतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तुमच्या सोसायटीच्या गेटातला कसा आहे, ते तुमच्या ब्रेसवरच्या ओरखड्यांना विचारा.

इथवर विषय चेष्टेचा होता. पुढचा नाही. "बॉडी मजबूत झाली, आता सेफ आहे" असंही ऐकलंय. २०१४ साली ग्लोबल एनकॅपनं चाकणला बनलेली पोलो ताशी ६४ किमीनं आदळून पाहिली. एअरबॅग नसलेल्या मॉडेलला मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅगवालीला चार. सांगाडा शून्यवालीचाही टिकला होता. तेव्हा पुढचे दोन मनोरे जोडून तुम्ही सुरक्षिततेत कसली भर घातलीत?

उलट एक गोष्ट वजा केलीत. बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतात ती उगीच नव्हे. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्रा दबावा, खाली काही कडक लागू नये, हे तिचं एक महत्त्वाचं काम. बहुतेक बार नेमके त्याच जागेतून जातात. घाटकोपर स्टेशनबाहेर संध्याकाळी गाडीपुढून किती माणसं जातात ते मोजा, मग त्या दांड्याकडे पुन्हा बघा. कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांबद्दल आहे. बारमुळे त्यातला कुठलाच तपशील बदलत नाही, तेव्हा मी पोलिसांची भीती घालणार नाही. पण विमा कंपनीला कळवलंय का?

"आम्ही रविवारी पहाटे लोणावळ्याला जातो, घाटात फरक पडतो." ठीक. मग घाटाला लागतात ते आधी टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मी हल्ली बॉनेट उघडलं की खाली वाकून ती वाचतो. एका मित्राच्या टर्बोवाल्या गाडीत पुढे बार, मागे बार आणि चार चाकांवर सात वर्षांचे, काचेसारखे झालेले टायर! पावसात ब्रेक लावल्यावर गाडी कुठे थांबेल हे ते टायर ठरवतात. दोन्ही दांड्यांच्या पैशात चार नवे आले असते. त्याला सांगितलं तर म्हणतो, "टायर काय, बदलायचेच आहेत."

ट्रॅकवर धावणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. तिथे चिकट टायर असतात, एक जी च्या आसपासचा रेटा असतो, आणि तिथेही शर्यतीची गाडी खरी ताठ होते ती रोल केजनं. आपल्याच कॉलेजांतली पोरं बाहा किंवा सुप्रासाठी गाडी बांधतात तेव्हा सांगाड्याला पीळ देऊन न्यूटन-मीटर प्रति डिग्री असा आकडा काढतात, आणि परीक्षकांसमोर त्याचा बचाव करतात. वीस वर्षांची पोरं! आपण तिशीतले सीनिअर इंजिनिअर 'टाइट' वर भागवतो.

मोजणं फार अवघडही नाही. सपाट जागी गाडी उभी करा. बार काढा. दोन्ही मनोऱ्यांच्या नटांमधलं अंतर मोठ्या कॅलिपरनं किंवा डायल गेज लावून घ्या. मग पुढचं एक चाक जॅकवर उचला, पुन्हा घ्या. बार लावून हेच करा. वळणावरचा रेटा याहून वेगळा असतो हे मान्य, पण निदान एक आकडा हातात येईल. दोन्ही आकड्यांतला फरक तुमच्या कॅलिपरच्या चुकीपेक्षा मोठा आला, तर मला जरूर कळवा. सोबत टायरची तारीखही लिहा.