फडातले न दिसणारे सभासद



गाळप हंगाम सुरू होऊन टोळ्या फडात उतरल्या की आठ-पंधरा दिवसांत शिवारात संध्याकाळचे जाळ दिसू लागतात. ऊस गेला, पाचट राहिले, काडी लावली की रान मोकळे! या मोकळ्या रानाविषयीच आज आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत. पण त्याआधी २००२ सालची आठवण करून द्यावीशी वाटते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता तो महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरला. पानाखाली कापसासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर त्याचा चिकट स्राव आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी. पान काळे पडले की त्याला ऊन मिळत नाही आणि उसात साखर भरत नाही. हा कीटक ईशान्य भारतात पूर्वीपासून होता. आपल्याकडे मात्र नवा होता. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते, त्यामुळे आज चार पानांवर तर थोड्या दिवसांत सगळ्या फडात! आपण सगळेच घाबरलो. औषधांच्या दुकानांत रांगा लागल्या. पण दहा-बारा फूट उंच, लोळलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसे? फवारले तरी मावा पुन्हा हजर.

मग मावा आटोक्यात आणला कोणी? मुख्यतः डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमस नावाच्या लहानशा कीटकाने. दोघांचेही अन्न मावा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, कृषी विद्यापीठांनी आणि अनेक कारखान्यांनी हे मित्रकीटक वाढवून शेतकऱ्यांना दिले. पुढच्या दोन-तीन हंगामांत माव्याचा जोर ओसरला.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की मित्रकीटक नेहमी मागून येतो. आधी मावा वाढतो, खायला मुबलक झाले की मित्रकीटक वाढतात, मावा घटला की तेही घटतात. दोघांपैकी कोणीच पुरते नाहीसे होत नाही. निसर्गाचा हिशेब असा मागेपुढे होत जुळत असतो. आपण घाईने फवारणी केली की दोघेही मरतात. मावा झपाट्याने सावरतो, मित्रकीटकाला मात्र वेळ लागतो. म्हणजे औषधाचे पैसे आपले आणि फायदा शत्रूचा!

आता पाचटाकडे येऊ. तिथेही हाच हिशेब आहे. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत राहिले तर गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्यावर जगतात, हळूहळू त्याचे खत करतात; कोळी, मुंग्या, भुंगेरे त्यात आसरा घेतात; उन्हाळ्यात ओल टिकते. पण हे काम एका रात्रीत होत नाही, त्याला महिने लागतात. आपल्याला तेवढा धीर नसतो. काडी लावली की पाचटातला नत्र धुरात जातो, वरच्या थरातले जीव होरपळतात, आणि मग आपणच सोसायटीत जाऊन युरियाची पोती उचलतो. दरसाल हेच केले की जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटत जातो. खताची मात्रा वाढते, टनेज मात्र तिथल्या तिथेच.

आम्ही हे उपदेशाच्या सुरात बोलत नाही. आमच्याही हातून काड्या लागल्या आहेत. पाचट ठेवले तर पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, मजूर मिळत नाही, या तक्रारी खोट्या नाहीत. पण पाचट एक आड एक सरीत दाबले तर पाणी द्यायला वाट राहते. कुट्टी करून घेतली, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जीवाणू टाकले तर ते लवकर बसते. उंदरांचा बंदोबस्त मात्र एकट्याने होत नाही, तो गावाने मिळूनच करावा लागतो. नाही तरी सहकार म्हणजे दुसरे काय?

आमचे मागणे थोडकेच आहे. या हंगामात प्रत्येकाने निदान एका एकराच्या खोडव्यात पाचट जाळू नये. माव्याचे पांढरे ठिपके दिसले तर पंप उचलण्याआधी पान उलटून पाहावे, त्यात मित्रकीटकांच्या अळ्या आहेत का, हे गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला दाखवावे. त्या असतील तर हात आवरावा. एका वर्षात चमत्कार होईल असे आम्ही म्हणणार नाही. तीन खोडवे तरी जाऊ द्यावेत, मग आपल्याच बांधावर उभे राहून जाळलेल्या आणि न जाळलेल्या रानाची माती हातात घेऊन पाहावी.

कारखान्याच्या वहीत शेअर घेतलेल्यांची नावे आहेत. फडातल्या या सभासदांचे नाव कुठल्याच वहीत नाही, ते सभेला येत नाहीत, बिल मागत नाहीत. पण ते गेले की त्यांचे काम आपल्याला पैसे मोजून करावे लागते, आणि तेही अर्धवटच होते.

जय सहकार!