‘आमचा पत्ता कुणाला माहीत आहे?’

गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे करून दाखवलेल्या ‘पेमेंट सक्सेसफुल’वर आता कोपऱ्यावरचा भाजीवालाही विश्वास ठेवत नाही. साउंडबॉक्स बोलला, तरच पिशवी हातात देतो. तेवढी सावधगिरी ऑनलाइन दुकानं बांधणाऱ्या आपल्या प्रोग्रामर मंडळींकडे असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

देवगडचा एखादा बागायतदार वेबसाइटवरून हापूस विकतो असं धरू. गिऱ्हाइकाने पैसे भरले की रेझरपेसारखा गेटवे दुकानाच्या सर्व्हरवर एका ठरलेल्या पत्त्यावर संदेश पाठवतो: अमुक ऑर्डरचे पैसे आले, रक्कम 250000. रेझरपे रक्कम पैशांत सांगतो, म्हणजे हे झाले 2500 रुपये. हा संदेश म्हणजे वेबहुक. तो आला की ऑर्डरवर ‘पेड’ असा शिक्का बसतो आणि पेटी रवाना होते. अडचण एवढीच, की असाच संदेश कर्लची एक आज्ञा देऊन कुणालाही, कुठूनही पाठवता येतो. म्हणून गेटवे सोबत सही पाठवतो. संदेशाचा मजकूर आणि फक्त दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली गुप्त किल्ली यांवरून एचमॅक-शा 256 या रीतीने काढलेली 64 अक्षरांची रांग ‘एक्स-रेझरपे-सिग्नेचर’ या हेडरमध्ये येते. आपण आपल्याकडच्या किल्लीने तेच गणित करायचं आणि उत्तर जुळलं तरच संदेश आत घ्यायचा. काम जेमतेम दहा ओळींचं, तरी ते टाळलं जातं. टाळण्याची कारणंही पाठ असतात.

पहिलं कारण शीर्षकातच आहे. पण वेबहुकचा पत्ता हा काही पासवर्ड नव्हे. तो सर्व्हरच्या लॉगमध्ये पडतो, गिटवर चढवलेल्या कोडमध्ये राहतो, काम सोडून गेलेल्या फ्रीलान्सरच्या लॅपटॉपवर राहतो. शिवाय बहुतेकांनी तो ‘वेबहुक’ नाहीतर ‘कॉलबॅक’ याच नावाने ठेवलेला असतो.

दुसरं म्हणे, एचटीटीपीएस आहे ना! आहे, आणि हवंच. पण त्यातलं सर्टिफिकेट पाठवणाऱ्याला खात्री देतं की आपण योग्य सर्व्हरशी बोलतोय. वाटेत कुणी मजकूर वाचू किंवा बदलू शकत नाही, हेही खरं. बोलणारा कोण, हे मात्र सर्व्हरला त्यातून कळत नाही. दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट मागायची सोय आहे, पण ती मुद्दाम करावी लागते. भामट्याचा संदेशही एचटीटीपीएसवरूनच येतो, कडेकोट बंदोबस्तात.

तिसरा युक्तिवाद जरा हुशारीचा आहे: गेटवेचे आयपी पत्ते जाहीर असतात, तेवढ्यांनाच आत सोडा. यात एक भोक आहे, ते फारसं कुणी पाहत नाही. गेटवेचे ते आयपी त्याच्या सगळ्या ग्राहकांसाठी सारखेच असतात. मी त्याच गेटवेवर माझं खातं उघडलं, वेबहुकच्या रकान्यात तुमच्या दुकानाचा पत्ता भरला आणि टेस्ट मोडमध्ये खोटा व्यवहार केला, तर खराखुरा गेटवे, खऱ्याखुऱ्या आयपीवरून, तुमच्या दारात माझा संदेश आणून टाकेल. सही तपासत असाल तर तो तिथेच गळतो, कारण माझ्या खात्याची किल्ली वेगळी.

चौथा पक्ष म्हणतो, प्रत्येक संदेशात एक गुप्त टोकन ठेवू. स्लॅक पूर्वी हेच करत असे, नंतर त्यांनीही ती पद्धत मागे टाकून सही आणली. टोकन दर वेळी प्रवास करतं. एकदा फुटलं की कुठल्याही मजकुराला चिकटवता येतं. सहीची किल्ली संदेशासोबत कधीच जात नाही आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही मोडते.

‘मग आम्हीच किल्लीपुढे मजकूर जोडून हॅश काढतो, एचमॅकचं अवडंबर कशाला?’ याचं उत्तर 2009 साली फ्लिकरला मिळालं. त्यांच्या एपीआयची सही अशीच घरगुती होती, गुप्त किल्लीला विनंतीतली माहिती जोडून काढलेला एमडी5. थाय डुओंग आणि जुलियानो रिझो यांनी दाखवून दिलं, की किल्ली माहीत नसतानाही मजकुराला शेपूट जोडून नवी वैध सही बनवता येते. शा 256 लाही हाच दोष आहे. एचमॅक 1996 साली मांडलं गेलं आणि 1997 च्या आरएफसी 2104 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात हॅश दोनदा, आतून आणि बाहेरून काढतात, त्यामुळे ही शेपूट जोडता येत नाही. फ्लिकरपूर्वी बारा वर्षं ते फुकट उपलब्ध होतं.

खरा विचार करायला लावणारा आक्षेप एकच: संदेश आला की आम्ही गेटवेला उलट विचारून खात्री करतो. हे चांगलंच आहे, आणि रक्कम व ऑर्डर क्रमांक जुळवणं तर सही तपासली तरी चुकत नाही. 10 रुपयांच्या खऱ्या व्यवहारावर 2500 ची पेटी जाता कामा नये. पण फक्त यावर विसंबलात, तर प्रत्येक खोट्या संदेशागणिक तुम्ही गेटवेकडे धावाल, आणि विनंत्यांची मर्यादा भामटा तुमच्याच हातून संपवेल.

आता सही सुरू केल्यावर बंद का पडते, ते सांगतो, कारण ‘तात्पुरती’ बंद केलेली तपासणी पुन्हा सुरू झालेली मी पाहिलेली नाही. सही मूळ मजकुराच्या बाइट्सवर असते. प्रोग्रामर आधी जेसन उलगडतो आणि तपासणीसाठी पुन्हा बांधतो. पीएचपीचं नेहमीचं फंक्शन अशा वेळी देवनागरी अक्षरांचे ‘\u’ने सुरू होणारे संकेत करून ठेवतं. पाठवणाऱ्याने नाव जसंच्या तसं धाडलं असेल, तर रोमन लिपीतलं गिऱ्हाईक पास होतं आणि ‘सुमन’ नापास होते. मग दोष सहीच्या माथी! फ्रेमवर्कने हात लावण्याआधीचा कच्चा मजकूर घ्या, तंटा मिटतो. तुलनाही साध्या ‘==’ने करू नये. ती पहिल्या चुकीच्या अक्षराशी थांबते आणि लागलेल्या वेळातून माहिती गळते. इंटरनेटवरून तो फरक मोजणं महाकठीण आहे, हे मान्य. पण ‘हॅश_इक्वल्स’ तयार असताना वाद घालण्यात तरी काय हशील?

खरी सही असलेला जुना संदेश कुणी पुन्हा पाठवला तर? स्ट्राइप सहीच्या आतच वेळ बांधतो आणि त्याच्या लायब्ऱ्या 5 मिनिटांहून जुना संदेश नाकारतात. रेझरपे प्रत्येक घटनेचा वेगळा क्रमांक हेडरमध्ये देतो. तो नोंदवून ठेवावा, कारण गेटवे स्वतःही एकच संदेश दोनदा पाठवतात.

राहता राहिली किल्ली बदलण्याची भीती: ऐन हंगामात बदलली आणि ऑर्डरी अडकल्या तर? स्ट्राइपमध्ये जुनी किल्ली 24 तासांपर्यंत चालू ठेवता येते. तोवर प्रत्येक संदेशावर दोन्ही किल्ल्यांच्या सह्या येतात आणि त्यांपैकी एक जुळली तरी पुरते.