अहवाश आणि आमची ढोलकी

भाचीच्या हळदीला बायकांनी ढोलकी काढली आणि पाचच मिनिटांत एका तरुण नातेवाइकाने ती बंद करायला लावली. "हे इस्लाममध्ये नाही," एवढेच तो म्हणाला. माझी ऐंशीची खाला गाणे अर्धवट टाकून उठली. तिची गाणी कुठल्याच वहीत लिहिलेली नाहीत.

कोणता इस्लाम? मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतात अमाझिग लोक राहतात. जग त्यांना बर्बर म्हणते. शतकानुशतकांचे मुसलमान. लग्नाला, सणाला त्यांच्या गावात रात्री 'अहवाश' रंगतो. शेकोटी पेटते, तिच्या धगीवर बेंदीर शेकून त्याचे कातडे ताणतात. बेंदीर म्हणजे आपल्या डफाचा भाऊबंद. कवी उभ्या उभ्या ओळ रचतो आणि रांगेत उभे राहिलेले लोक ती उचलून धरतात. मध्य ॲटलासमधल्या 'अहिदूस'मध्ये तर स्त्री-पुरुष खांद्याला खांदा लावून नाचतात. हेच लोक पहाटे अजान झाली की नमाजला उभे राहतात.

या लोकांची भाषा शाळेत नव्हती, कचेरीत नव्हती. राज्यघटनेने तिला राजभाषा मानले ते २०११ साली. तोवर तिला जपले ते घरांनी आणि गाण्यांनी.

संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मला मान्य आहे. मी आलिम नाही. पण मतभेद असणे वेगळे आणि 'इस्लाममध्ये नाही' म्हणून आजीचे तोंड बंद करणे वेगळे. तांजियरचा बर्बर वंशाचा इब्न बतूता स्वतः काझी होता. चौदाव्या शतकात तो आपल्या दौलताबादेत आला. इथल्या गायक-गायिकांच्या बाजाराचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे आणि त्याच बाजारातल्या मशिदींमध्ये रमजानात तरावीह होते, हेही आवर्जून लिहिले आहे.

परंपरा केवळ बंदीने मरत नाही, दुर्लक्षानेही मरते. ॲटलासमधलेच 'तास्कीवीन' हे नृत्य युनेस्कोने २०१७ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घातले. तरुणांना त्याचे अप्रूप उरले नव्हते आणि त्याची वाद्ये-आभूषणे घडवणारे कारागीरही कमी होत चालले होते. आमच्याकडे तर अशी यादी करायलाही कुणी नाही.

येत्या रविवारी मी खालाकडे जाणार आहे. मोबाइलमध्ये गाणी टिपून घेईन. आणि जाताना ढोलकी नेईन, कारण ढोलकीशिवाय तिला ओळी आठवत नाहीत.