गिअरबॉक्सला कुणी विचारलं?

मोटारीविषयी बोलणाऱ्या माणसांच्या मी आजवर दोनच जाती पाहिल्या आहेत. एक ॲव्हरेज सांगणारी आणि दुसरी हॉर्सपॉवर सांगणारी. पैकी पहिली जात निरुपद्रवी. ती लिटरमागे तीन किलोमीटर खोटं बोलते, पण त्या खोट्यानं कुणाचं काही झिजत नाही. दुसऱ्या जातीचं तसं नाही. तिच्यातला एक नमुना माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी जन्माला आला आहे. त्याच्यामुळेच मी, म्हणजे बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला आणि बॉनेट उघडल्यावर फक्त काच धुण्याचं पाणी कुठं घालतात एवढंच ओळखणारा माणूस, गिअरबॉक्सचं वकीलपत्र घेऊन उभा आहे. अशील कोर्टात हजर नाही. तो वर्कशॉपच्या टेबलावर उघडा पडला आहे.

भाचा एका रविवारी सकाळी आला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "मामा, खाली चला. तीस घोडे वाढलेत."

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मांजर वाढलं तरी सेक्रेटरी नोटीस लावतात. तिथं तीस घोडे म्हटल्यावर मी चपला घालून धावलो. भाच्याची डिझेल गाडी नेहमीच्याच जागी उभी होती. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाच्या कडेला लपलेली एक काळी डबी दाखवली. आमचे आजोबा सुपारीसाठी वापरायचे त्या डबीपेक्षा जराशी मोठी. एवढ्याशा डबीत तीस घोडे!

"आणि गिअरबॉक्सचं काय?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणूनच विचारलं.

"त्याचं काय? तो ऑटोमॅटिक आहे."

पूर्वीच्या घरांतली कर्ती माणसं जेवायच्या वेळी अकरा पाहुणे घेऊन यायची आणि "स्वयंपाकाचं काय, होईल की" असं म्हणून पाटावर बसायची. भाच्याचा सूर अगदी तोच. आपोआप होणारं काम कुणीतरी करत असतं, हे स्वयंपाकघराबाहेर बसलेल्या माणसाला कधी कळलेलं नाही.

ती डबी काय करते ते मी नंतर चौकशी करून समजून घेतलं, आणि बँकेतला माणूस असल्यामुळे मला ते जरा जास्तच चटकन समजलं. हल्लीच्या डिझेल इंजिनात तेल एका नळीत प्रचंड दाबाखाली ठेवलेलं असतं. दाब किती आहे, हे एक सेन्सर इंजिनाच्या काँप्युटरला कळवतो. डबी या दोघांच्या मध्ये बसते आणि आकडा बदलते. दाब हजार असला तर नऊशे सांगते. काँप्युटर बिचारा म्हणतो, अरे, कमी पडतोय, आणि दाब वाढवतो. जास्त डिझेल आत जातं, गाडी उसळते, भाचा खूश होतो. म्हणजे डबीत घोडे वगैरे काही नसतात. डबीत असतं एक खोटं व्हाउचर.

आमच्याकडे खोटं व्हाउचर एका टेबलावर थांबत नाही. ते पुढच्या टेबलावर जातं, तिथला माणूस त्यावर विश्वासानं सही करतो, आणि इन्स्पेक्शनला सापडते ती त्याची सही. गाडीतही हेच होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांच्या थप्प्या असतात. एकेक थप्पी तेलाच्या दाबानं आवळली की एकेक गिअर पडतो. किती आवळायचं हे गिअरबॉक्सचा काँप्युटर ठरवतो, आणि त्यासाठी तो इंजिनाला विचारतो, "बाबा रे, किती टॉर्क पाठवतोयस?" टॉर्क म्हणजे पीळ. गिअरबॉक्सला हॉर्सपॉवरचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याच्या अंगावर येतो तो पीळ. इंजिन प्रामाणिकपणे सांगतं, "साडेतीनशे न्यूटन मीटर." कारण त्याची स्वतःची तशीच समजूत करून दिलेली असते. प्रत्यक्षात येतात सव्वाचारशे. गिअरबॉक्स साडेतीनशेच्या हिशेबानं मूठ आवळतो, चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की जळतात.

बरं, हा बिचारा लगेच तक्रारही करत नाही. आत येणारे फेरे आणि बाहेर जाणारे फेरे तो सतत मोजत असतो. अमुक गिअरमध्ये आत इतके तर बाहेर इतके, हा हिशेब ठरलेला. तो जुळला नाही की त्याला कळतं, काहीतरी घसरतंय. कॅश टॅली न झालेला कॅशिअर जसा आधी स्वतःच्याच नोटा पुन्हा मोजतो, तसा हा आधी आपलाच दाब थोडा वाढवून बघतो. मग आणखी थोडा. वाढवण्यासारखं काही उरलं नाही की मगच तो दिवा लावतो आणि एकच गिअर धरून बसतो. याला लिंप मोड म्हणतात. आमच्या युनियनच्या भाषेत वर्क टू रूल.

भाच्याच्या गाडीनं वर्क टू रूल पुकारला तो पसरणीच्या घाटात. गाडीत ताई, भाऊजी, मी, आमची ही, पाचगणीसाठी घेतलेले स्वेटर आणि वाटेत लागतील म्हणून केलेल्या साठ पुऱ्या. पुढं उसाचा ट्रक, मागं हॉर्न वाजवणारं सबंध वाई. वाढीव तीस घोडे त्या वेळी कुठं चरायला गेले होते कोण जाणे. गाडीखालून जळका वास यायला लागला. ताई म्हणाली, "पुऱ्यांचा नाही ना?" शेवटी गाडी टोचून न्यावी लागली आणि पुऱ्या रस्त्याच्या कठड्यावर बसून खाव्या लागल्या.

तिथं, हातात पुरी धरून, भाचा म्हणाला, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाजूकच असतात मामा."

माझं डोकं फिरलं ते या वाक्यानं. चोर सोडून संन्याशाला फाशी! नाजूक? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं १९४२ साली एम ५ स्टुअर्ट नावाचा रणगाडा काढला, त्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक गिअरबॉक्स होते. म्हणजे १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल मोटारीत जो ऑटोमॅटिक पहिल्यांदा आला, त्याचाच भाऊबंद. रणगाडा ओढणाऱ्याला नाजूक म्हणायचं असेल तर मग मारुतीच्या देवळातली मूर्तीही नाजूक म्हणा. शेवरोलेनं १९५० मध्ये पॉवरग्लाइड नावाचा गिअरबॉक्स आणला. त्याला गिअर मोजून दोन. आमच्या साहेबांच्या स्वभावाला असतात तेवढेच. अमेरिकेत सरळ रेषेत गाड्या पळवण्याच्या शर्यती होतात, तिथं हा दोन गिअरवाला म्हातारा आजही हजारावर हॉर्सपॉवर पेलतो. कारण पेलायला लावण्यापूर्वी लोक त्याला उघडतात, आतल्या चकत्या वाढवतात, दांडे बदलतात, तेलाचा दाब वाढवतात. थोडक्यात, त्याला विचारतात.

आणि कंपन्या हे लपवूनही ठेवत नाहीत. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई आणि ४एल८०-ई या गिअरबॉक्सांच्या नावातले साठ आणि ऐंशी हे कोण किती ओझं उचलेल त्याचेच दर्जे. जर्मनीच्या झेडएफनं २००९ मध्ये आठ गिअरचा एक गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यातल्या ८एचपी४५ ची मर्यादा ४५० न्यूटन मीटर, ८एचपी७० ची ७००. बारशालाच कुवत सांगून टाकली! या नावातलं 'एचपी' म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे, हायड्रॉलिक आणि प्लॅनेटरी. भाच्याला ते वाचून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा पगाराची स्लिप पाहिल्यासारखा झाला.

या लोकांचा आणखी एक ठरलेला मुद्दा असतो. "कंपनी थोडी ताकद राखीव ठेवतेच की." ठेवते. मी नाही म्हणत नाही. थोडीशी वाढ कित्येक गिअरबॉक्स मुकाट्यानं सोसतात. पण राखीव निधी हा अडीअडचणीसाठी असतो. रोज दुपारी त्यातून भेळ खाण्यासाठी नसतो. शिवाय वाढ कुठं केली हेही बघायला हवं. इंजिन जास्त फेऱ्यांवर पळवून मिळवलेली ताकद गिअरबॉक्सला तितकीशी जड जात नाही. अठराशे फेऱ्यांवर, घाटात, पाच माणसं भरून जो पीळ धाडकन वाढतो तो मारतो. आणि या डब्या नेमका तोच वाढवतात, कारण मित्राला शेजारी बसवून दाखवायला तोच बरा.

आणि या मंडळींना गिअर पडलेला कळताही कामा नये. लोण्यासारखा पडला पाहिजे. लोण्यासारखा पडतो म्हणजे एक थप्पी हळूहळू सुटते आणि दुसरी हळूहळू धरते, तेवढा वेळ चकत्या घासत असतात. आपल्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून त्याच्या पोटातलं तेल तापतं. तेवढ्या क्षणापुरतं इंजिनालाही जरा दमानं घ्यायला सांगितलेलं असतं. पण जे इंजिन स्वतःबद्दलच चुकीची माहिती बाळगून आहे, ते दमानं घेऊन घेऊन किती घेणार! त्यात सिग्नलवर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून उभी राहणारी पोरं आहेतच. गाडी जागची हलत नाही आणि येईल ती सगळी ताकद तेल तापवते. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे दोन किलोवॅटचे ३७ गीझर. आमच्या सबंध बिल्डिंगची आंघोळ.

तुम्ही म्हणाल, एका लोखंडी पेटीचा एवढा पुळका कशाला? सांगतो. २०१६ च्या नोव्हेंबरात आठ तारखेच्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा गेल्या, आणि दहा तारखेला सकाळी मी काउंटरवर बसलो. वर काय ठरलं, किती नोटा येणार, कधी येणार, कुणी सांगितलं नव्हतं. नवी नोट एटीएमच्या खणात बसत नव्हती आणि रांग शाखेच्या दारात मावत नव्हती. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ काचेपलीकडून म्हणाले, "तुम्ही बँकवाले फार स्लो." तेव्हापासून मला कुठल्याही गिअरबॉक्सकडे परक्या नजरेनं पाहता येत नाही.

ताकद वाढवू नका असं माझं म्हणणं नाही. हौस आहे, करा. पण मग गिअरबॉक्सच्या काँप्युटरलाही खरा आकडा सांगा, दाब वाढवून घ्या, तेल थंड करणारा कूलर मोठा बसवा, तेल बदला. एवढं करूनही नाकापेक्षा मोती जड होत असेल तर नाक बदला, म्हणजे गिअरबॉक्सच मोठा घ्या. हे करून देणारे जाणकार आहेत. फक्त ते डबीच्या किमतीत होत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी भाच्यानं डबी काढून माझ्या पिशवीत टाकली. गाडी वॉरंटीत होती. काउंटरवरच्या मुलानं नम्रपणे विचारलं, "बाहेरचं काही बसवलं होतं का सर?" भाचा म्हणाला, "छे! मामांना विचारा."

आतमध्ये गिअरबॉक्सचं काळं पडलेलं तेल एका भांड्यात काढून ठेवलं होतं. वास इथवर येत होता. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या व्हाउचरवर सह्या करत आलो आहे. मी पिशवीत हात घातला आणि डबी काउंटरवर ठेवली.

वॉरंटी गेली. बिल झालं ते मी बँकेत लागलो तेव्हाच्या माझ्या सबंध वर्षाच्या पगाराएवढं. निम्मं मी भरलं, कारण ताईनं फोनवर काही न बोलता नुसता श्वास घेतला. भाचा दोन महिने आमच्याकडे फिरकला नाही. गाडी आता बरी आहे. घोडे पूर्वीएवढेच.

डबी मात्र माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या पासबुकांखाली आहे. भाच्याच्या एका मित्राला ती हवी आहे म्हणे. त्याची गाडीही ऑटोमॅटिक. गेल्या आठवड्यात तीनदा फोन आला. तिन्ही वेळा हिनं सांगितलं, मी आंघोळीला गेलोय.