पोरं मोबाइलमुळे जात नाहीत, आपण गप्प बसतो म्हणून जातात

पोस्ट लांब आहे आणि आपल्याच मंडळींबद्दल आहे. काही जणांना राग येईल. येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत बावीस वर्षं रविवारची शाळा घेतोय. या बावीस वर्षांत एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते सुरू झालं की मी उठून चहा आणायला जातो: "आजकालची मुलं मोबाइलमुळे बिघडली, म्हणून चर्चला येत नाहीत." पाळकसाहेब म्हणतात, पंचकमिटी म्हणते, आईबाप म्हणतात. मीही म्हणायचो. गेल्या वर्षी एका मुलानं माझं तोंड बंद केलं.

बारावी झालेला पोरगा. लहानपणापासून माझ्या वर्गात. वचनं पाठ, नाताळच्या नाटकात दरवर्षी मेंढपाळ. वर्ग संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "काका, एक विचारू? दर रविवारी मी इथं ख्रिस्ती असतो. ॲडमिशनच्या फॉर्मवर नसतो. पप्पांनी दाखला तसाच काढलाय. मग देवासमोर आम्ही खोटं बोलतोय का?"

मागे एक पंच उभे होते. ते लगेच म्हणाले, "असले विषय चर्चमध्ये काढायचे नाहीत. लोक ऐकतात."

आणि मी काय केलं? मी बावीस वर्षांचा अनुभवी शिक्षक! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "प्रार्थना कर बाळा, प्रभू मार्ग दाखवील."

तो दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारपासून आला नाही. त्याच्या हातात मोबाइल होता हे खरं. पण तो मोबाइलमुळे गेला नाही. तो माझ्यामुळे गेला.

आता त्याचा प्रश्न नीट बघू, कारण तो आपल्यातल्या शेकडो घरांचा आहे आणि आपण सगळे तो सतरंजीखाली सारतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा असं सुचवलं, तरी अट आहे तिथंच आहे. म्हणजे ज्या आजोबांना गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांच्या नातवाला कायदा सांगतो की तुझा देव बदलला, आता तुझी जात उरली नाही. गाव मात्र ती अजून विसरलेलं नाही. काही बापांनी नाइलाजानं कागद एक ठेवला आणि श्रद्धा एक ठेवली. त्यांना दगड मारायला मी इथं आलेलो नाही. पोराची फी समोर दिसत असताना बाप काय करतो, हे मला कळतं.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. हीच गोष्ट आपण मोर्चात माइकवरून ओरडून सांगतो, निवेदनं देतो, फोटो टाकतो. आणि आपलंच पोरगं हळू आवाजात विचारतं तेव्हा म्हणतो, "लोक ऐकतात." त्याला कायदा समजावून सांगता आला असता. "तुझ्या पप्पांना हे टोचत असेल, त्यांच्याशी बोल, मी सोबत येतो" असं म्हणता आलं असतं. "मलाही याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही" असंही म्हणता आलं असतं. यातलं काहीही चाललं असतं. चाललं नाही ते फक्त गप्प बसणं, आणि मी नेमकं तेच केलं. वर प्रार्थनेचा वापर दार बंद करायला केला.

विश्वासाचा पाया भक्कम करा, असं प्रत्येक शिबिरात सांगतात. पाया म्हणजे काय ते बांधकामावरच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. तो आधी खोदतो. मुरूम लागेपर्यंत, खडक लागेपर्यंत खोदतो. आपण खोदायलाच घाबरतो आणि वरून रंग देतो. तीन दिवसांचं शिबिर, मोठा साउंड, शेवटच्या रात्री दिवे मंद करून सगळ्यांनी रडायचं, दुसऱ्या दिवशी फोटो. सोमवारी कॉलेजात कुणीतरी विचारतं, "तुम्ही धान्यासाठी बाटलात ना रे?" आणि आपला पोरगा मान खाली घालतो. कारण त्याला आपला इतिहास कुणी सांगितलेलाच नाही.

त्यात भाषेचा घोळ. एकदा वर्गात विचारलं, तारण म्हणजे काय? एक मुलगी पटकन म्हणाली, "बँकेत सोनं ठेवून कर्ज काढतात ते." सगळे हसले. पुढे खंडणी हा शब्द आला. उत्तर आलं, "गुंड मागतात ती." परत हसले. मी हसलो नाही. त्या पोरांचं काय चुकलं? बाहेरच्या जगात या शब्दांचे अर्थ तेच आहेत. येशूनं पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून दिला, हे वाक्य त्यांनी शंभरदा पाठ म्हटलं, बक्षिसं मिळवली. याचा अर्थ काय, हे त्यांनी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही त्यांना सांगितलं नाही. पाठांतराला आम्ही विश्वास समजलो.

"प्रश्न विचारले की विश्वास डळमळतो," असं वडीलधारे म्हणतात. बरं, आपलीच माणसं बघू.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच मागोमाग गेल्या का? नाही. पाच वर्षं लागली. त्या रडल्या, भांडल्या, नवऱ्याच्या घरी परत आल्यावरही सोवळं सांभाळत राहिल्या. मग जातपात देवानं केली की माणसानं, याचा त्यांनी स्वतःच्या डोक्यानं विचार केला आणि आधी सोवळं सुटलं, बाप्तिस्मा नंतर झाला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये काहीही न लपवता लिहून ठेवलंय. आपल्या किती घरांत ते पुस्तक आहे? मराठी शाळांनी त्यातले उतारे शिकवले, आपल्या रविवारच्या शाळेनं नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद, चर्चच्या अधिकारावर वाद. धर्मगुरू म्हणतात म्हणून मानायचं, हे त्यांनी ऐकून घेतलं नाही. मग त्यांचा विश्वास उडाला का? त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या बायकापोरींना घर दिलं, आणि साध्या बायकांना कळावं म्हणून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. अशी मुलगी आज आपल्या तरुण संघात असती, तर कमिटीनं तिच्या वडिलांना बोलावून घेतलं असतं.

आणि खुद्द प्रभू? लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलाय. तो त्यांचं ऐकतो आणि त्यांना प्रश्न करतो. त्या गुरुजींनी "लोक ऐकतात" म्हणून त्याला गप्प केलं नाही. नंतर थोमानं शंका घेतली, तर प्रभूनं त्याला हाकललं नाही, जखमा पुढे केल्या. आपण आपल्या जखमा झाकतो, म्हणून आपल्या थोमांना बाहेर जावं लागतं.

"पण मुलं अजून लहान आहेत," हाही एक बचाव. सोळा-सतरा वर्षांचं पोर प्रेमात पडतं, नापास होतं, मित्राला गमावतं, आईबापांची भांडणं रात्री जागून ऐकतं. एवढं सोसायला ते मोठं, आणि खरं ऐकायला लहान?

आता कुणीतरी खाली लिहिणारच की टीका सोपी आहे, उपाय सांगा. सांगतो. यातलं काही महाग नाही.

महिन्यातून एक रविवार वर्गात उपदेश बंद. एक डबा ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकू द्या, आणि निघेल त्या चिठ्ठीवर बोला. दाखल्यावर, जातीवर, लग्नावर, विज्ञानावर, न ऐकलेल्या प्रार्थनेवर. शिक्षकाला "मला माहीत नाही, पुढच्या रविवारी बघून सांगतो" असं म्हणायची मुभा द्या, आणि पुढच्या रविवारी त्यानं खरंच सांगावं.

सुटी वचनं पाठ करून घेण्याआधी एक शुभवर्तमान सलग वाचा. मार्कचे सोळाच अध्याय आहेत. अडेल तो शब्द थांबून फोडा.

आईबापांनी साक्ष द्यावी, पण फक्त चमत्कारांची नको. ज्या वर्षी देव आहे की नाही असं वाटलं होतं, त्या वर्षाची द्या. पोरांना तीच उपयोगी पडेल.

आणि पंचकमिटीला हात जोडून विनंती. गेल्या पाच वर्षांचे हिशेब काढा. साउंड, फरशी, कमान यांवर किती गेले आणि मुलांच्या वर्गावर किती, ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून वार्षिक सभेत वाचा. आमचा वर्ग आजही जिन्याखाली भरतो. फरशी मात्र फार सुंदर आहे.

राहिला तो पोरगा. मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. त्याचे पप्पा होते, तोही होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला उत्तर द्यायला घाबरलो, माझं चुकलं." मग तिघं दीड तास बोललो. त्याच्या पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हा प्रश्न त्यांनाही इतक्या वर्षांत कुणी मोकळेपणानं विचारू दिला नव्हता. प्रश्न सुटला नाही. दाखला आहे तसाच आहे. पोरगा अजून चर्चला आलेला नाही. निघताना एवढंच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मार्क घेऊन या, वाचू."

पुढच्या रविवारी दुपारी मी जाणार आहे. तुमच्या मंडळीतून असं कोण गेलंय, त्याचं नाव इथं कमेंटमध्ये लिहू नका. त्याच्या घरी जा.